सत्तावन्न सह्या

थॉर्नलॉ,
शनिवार, २२ नोव्हेंबर

प्रिय फ्रॅनी,

नोव्हेंबर आला की लंडनच्या हवेत तुला खोकला धरतो, म्हणून आधी तब्येतीचं विचारतो. इथे आम्ही ठीक. जिना चढताना आईचा गुडघा कुरकुरतो, मग ती त्याच्यावर कुरकुरते. फिटंफाट. कोबी यंदा छान धरला होता, पण निम्मा गोगलगायींनी नेला. शेजारच्या मिसेस लिडलनी कुत्रा आणलाय. पोस्टमन सोडून तो सगळ्या जगावर भुंकतो.

तुझ्या बढतीचं आईने सांगितलं. सोमवारी तुझा फोन ठेवला आणि ती एप्रनसकट थेट वाफ्यावर आली. फ्रॅनी आता पंतप्रधानांच्या कचेरीत बसणार, म्हणाली. मी फावडं कुंपणाला टेकवलं आणि तिला मिठी मारली. सोमवारी मला आनंदच झाला होता, एवढं लिहून ठेवतो.

बुधवारी मी तुला फोन केला होता. तो कसा झाला ते तुला माहीत आहे, म्हणून आता कागद घेतला.

आपल्या खासदार जिलच्या लढतीचं तू पेपरात वाचलं असशील. त्यातलं काही पक्षाच्या तुमच्याच मुख्यालयातून लिहून गेलं असेल. पण इथे गावात जे झालं ते कुठे छापून आलेलं नाही. बरंचसं तुला ठाऊक आहे, तरी क्रमाने सांगतो. बावीस वर्षं पक्षाच्या शाखेचा चिटणीस राहिलो, क्रमाशिवाय मला काही सांगताच येत नाही.

अपंगांचा भत्ता कापायचं विधेयक पंतप्रधान लँगडेलनी आणलं, त्या आठवड्यात जिल आमच्या हॉलमध्ये उभी राहिली. म्हणाली, आपल्याच पक्षाचं सरकार आपल्याच माणसांच्या कुबड्या काढून घेणार असेल तर कुणीतरी त्या नेत्यासमोर उभं राहायला हवं, आणि कुणीच नसेल तर मी राहते. जिल स्टॉब्स काही मोठी वक्ता नाही. खासदार व्हायच्या आधी वीस वर्षं नर्स होती. अजूनही समोरच्याची नाडी बघत असल्यासारखी थांबत थांबत बोलते. पण त्या दिवशी म्हाताऱ्यांनी टेबलं बडवली. लँगडेल आल्यापासून पक्षात आम्हा डाव्यांना कुणी हिंग लावूनही विचारत नव्हतं. अजून आपण आहोत, एवढंच त्या दिवशी आमचं आम्हाला कळलं.

पक्षाच्या नेत्याला आव्हान द्यायचं तर साठ खासदारांच्या सह्या हव्या होत्या, सहा तारखेच्या गुरुवारी दुपारी बाराच्या आत. त्या झाल्या की पुढचं मत देशभरातल्या सगळ्या सभासदांचं. तिथे जिल जिंकलीच असती असं मी म्हणत नाही. पण लढत झाली असती. लँगडेलना आमच्यासारख्यांसमोर उभं राहून त्या विधेयकाबद्दल बोलावं लागलं असतं.

एक्कावन्न जणांनी उघड सह्या केल्या. नऊ जणांनी शब्द दिला होता की शेवटच्या सकाळी करू, तोवर नाव बाहेर फुटू देऊ नका, नाहीतर वरचे लोक आम्हाला जगू देणार नाहीत. ही नऊ नावं चौघांनाच ठाऊक होती. जिल, तिची लंडनची मदतनीस, मी आणि राल्फ.

राल्फला कसं वगळणार होतो? मतदारसंघात तोच जिलची गाडी चालवतो. खाणीत बारा वर्षं माझ्या शेजारी काम केलं. तुला सायकल त्याने शिकवली, मी पाठीत उसण भरून पडलो होतो तेव्हा. आणि त्याची नोरा आज आठ वर्षं चाकाच्या खुर्चीत आहे. ज्या भत्त्यासाठी हे सगळं चाललं होतं तो तिच्या हातात येतो. या लढतीत कुणाच्या घरात काय पणाला लागलं होतं हे मला त्याच्याकडे बघून कळायचं.

गुरुवारी सकाळी आम्ही हॉलच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. शाखेतल्या मॅव्हिस डॉडने हॅम घातलेल्या स्टॉटी पावांचं ताट भरून आणलं होतं, साठावी सही झाली की खायचे म्हणून. जिल लंडनहून आकडे कळवत होती. साडेदहाला पंचावन्न. अकराला छप्पन्न. मग बराच वेळ काही नाही. पावणेबाराला सत्तावन्न, आणि बारा वाजले तेव्हाही सत्तावन्नच.

तिघे आलेच नाहीत. त्यांच्यातल्या एकाला त्याच सकाळी उपमंत्री केलं होतं. दुसऱ्याला सांगण्यात आलं की पुढच्या वेळी तुला तिकीट नाही. तिसऱ्याच्या बायकोला कुणीतरी फोन करून एक अशी गोष्ट सांगितली जी तिला ठाऊक नव्हती. त्या घरात आता काय चाललंय ते मला ठाऊक नाही, आणि मी विचारतही नाही. नेमके तिघे, फ्रॅनी. एक्कावन्न जणांच्या वाटेला कुणी गेलं नाही. अंधारात खडा मारलेला नव्हता तो.

जिल शेवटी फोनवर म्हणाली, "हरले असते तर चाललं असतं, नॉर्मन. लढूच दिलं नाही."

ताटाला कुणी हात लावला नाही. मॅव्हिसने पाव गुंडाळून घरी नेले.

दुसऱ्या दिवशी शाखेची बैठक होती. पंचवीस-तीस माणसं असतील. चौघांतल्या कुणीतरी फोडलं, हे सगळ्यांना कळलं होतं. जिलवर संशय येणं शक्य नव्हतं. मदतनीस पोरीला इथे कुणी ओळखत नाही. माझ्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. राहिला राल्फ.

तुझा जन्म खाणीच्या संपानंतरचा. पण राल्फच्या भावाचं नाव तू ऐकलंयस. संपाच्या अकराव्या महिन्यात, जेव्हा आम्ही कोळशाच्या ढिगातून चुरा वेचून चुली पेटवत होतो, तेव्हा जाळी लावलेल्या बसमध्ये बसून तो कामावर गेला. राल्फ शेवटच्या दिवसापर्यंत संपावर होता. सख्ख्या भावाशी त्या दिवसापासून एक शब्द बोलला नाही, त्याच्या मयतालाही गेला नाही. चाळीस वर्षं झाली. मला वाटायचं हे गाव विसरलं.

मॅव्हिस उभी राहिली. तिने राल्फचं नाव घेतलं नाही. "एकाने बसमध्ये बसून संप फोडला," ती म्हणाली, "दुसऱ्याला स्वतःची गाडी आहे, एवढाच फरक."

कुणीतरी हसलं. मग एकेक जण बोलायला लागला. कुणी म्हणालं, त्याच्या बायकोचा भत्ता चालू ठेवायचं वरच्यांनी कबूल केलं असेल. कुणी म्हणालं, हॉलच्या किल्ल्या त्याच्याकडे कशाला हव्यात. राल्फ टोपी मांडीवर घेऊन बसला होता. बऱ्याच वेळाने मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"नॉर्मन," तो म्हणाला, "तू सांग यांना."

आणि मी म्हणालो, "आधी चौकशी होऊ दे."

तो उठला, किल्ल्या माझ्यासमोर टेबलावर ठेवल्या आणि गेला. मी ते इतिवृत्तात लिहिलं. राल्फ हेस्लॉप यांनी किल्ल्या परत केल्या.

इथे थांबतो. हात दुखतोय. उरलेलं उद्या.

रविवार

काल हात दुखत नव्हता.

मघाशी आईने विचारलं की कुणाला एवढं लांबलचक लिहितोयस. मी म्हणालो, फ्रॅनीला. ती म्हणाली, माझं प्रेम कळव. कळवलं.

मंगळवारी जिलचा फोन आला. त्यात एक गंमत म्हणून तिने सांगितलं की सोमवारी संसदेच्या उपाहारगृहात खासदार मिसेस ओकशॉट भेटल्या आणि तणतणत होत्या. सह्यांच्या आदल्या दिवशी लँगडेलच्या माणसांनी त्यांनाही बोलावून तासभर दम दिला होता. "मी कधी कुणाला शब्दच दिला नव्हता, मी तर लँगडेलच्या बाजूची, मग मला कशाला धमकावता," असं त्या विचारत होत्या. जिल हसत होती. आमच्या नऊ जणांत ओकली होती, ओकशॉट नव्हे. ओकलीने गुरुवारी सही केलीही, तिच्या वाटेला कुणी गेलंच नव्हतं. "यांना धड नावंही चोरता येत नाहीत," जिल म्हणाली.

मी फोन ठेवला आणि जिन्याच्या पायरीवर बसलो.

यादी त्या मदतनीस पोरीनेच लिहिली होती, आणि तिच्यात ओकली असं स्वच्छ होतं. जिल चूक करणार नाही. राल्फ तर त्या ओकलीबाईंना दोनदा स्टेशनवरून घेऊन आला होता. ओकशॉट हे नाव फक्त एका तोंडातून निघालं होतं, आणि एकाच ठिकाणी.

आईचा वाढदिवस, फ्रॅनी. सव्वीस ऑक्टोबर. आई पुढच्या खोलीत मिसेस लिडलना केक देत होती. तू भांडी विसळत होतीस आणि मी पुसत होतो. तू अगदी सहज म्हणालीस, "बाबा, नोकरी माझी तिकडे असली तरी मत माझं आहे. मी जिललाच देणार." तुला कल्पना नाही, हे ऐकायला मी किती वर्षं थांबलो होतो. तू मुख्यालयात गेलीस तेव्हापासून आपण पक्षाबद्दल बोलायचंच टाळत आलो होतो. हवा, फुटबॉल, आईचा गुडघा. आणि त्या दुपारी माझी मुलगी माझ्या शेजारी उभी राहून म्हणाली की ती आमच्यातली आहे. मग तू म्हणालीस, "पण साठ होतील का रे? मला काळजी वाटते." मी तुझी काळजी घालवायला निघालो. ओल्या फडक्याने बोटं मोजत नऊपैकी चार नावं सांगितली. तीन बरोबर. चौथं चुकलं. वय झालं, दुसरं काय.

बुधवारी मी फोनवर फक्त एवढंच विचारलं की तू कुणाला सांगितलंस का. नाही म्हणाली असतीस तर मी विश्वास ठेवला असता, ओकशॉटबाई असूनही. मी तयार होतो त्याला. तुझ्यामागे दुसरे फोन वाजत होते. मग म्हणालीस, "बाबा, मी फक्त साठ होतील का एवढं विचारलं. नावं तू सांगितलीस."

खरं आहे. नावं मी सांगितली.

पुढे तू म्हणालीस की सरकार आत्ता पडलं असतं तर समोरचे आले असते, आणि त्यांनी नोराचा भत्ता कापला नसता, पुसूनच टाकला असता. मी त्याच्यावर चार दिवस विचार केलाय. तू कदाचित बरोबरही असशील. हेच तू भांडी धुताना म्हणाली असतीस तर मी भांडलो असतो, एखादी बशी फुटली असती, आईने आपल्याला दोघांना झापलं असतं, आणि तुला स्टेशनवर सोडायला मीच आलो असतो. तुझं मत वेगळं असण्याने माझं काही मोडत नव्हतं. पण तू माझ्या बाजूची आहेस असं सांगून माझ्या तोंडातून काढून घेतलंस. त्यासाठी तुला फार काही करावंही लागलं नाही. मी आनंदात होतो, तेवढं पुरलं.

आता माझं. बैठकीत राल्फने माझ्याकडे बघितलं तेव्हा ओकशॉटचं मला काही ठाऊक नव्हतं. पण ती दुपार आठवली होती. गुरुवारी बारा वाजताच आठवली होती. मी ती बाजूला सारली. माझी पोर असं करणार नाही, असं मनाशी म्हटलं, आणि ते खरं राहावं म्हणून राल्फला त्यांच्या हाती दिलं. त्यानंतर बारा दिवस त्याच्या घराकडे फिरकलो नाही.

या गुरुवारी गेलो. नोराने दार उघडलं, खुर्ची मागे घेतली आणि स्वयंपाकघराकडे हात केला. राल्फ बटाटे सोलत होता. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. त्याने हातातला बटाटा पूर्ण सोलून पातेल्यात टाकला.

"ठाऊक होतं मला," तो म्हणाला.

मला कळेना. तेव्हा त्याने सांगितलं की आईचं केकचं भांडं परत करायला तो त्या दुपारी मागच्या दाराने आला होता. खिडकी उघडी होती. मी नावं सांगतोय हे त्याने ऐकलं. आपलीच पोर आहे, असं म्हणून भांडं पायरीवर ठेवून तो परत गेला. त्याच्याही मनात काही आलं नाही. आलं ते नंतर, माझ्याबरोबरच.

मी विचारलं, मग बैठकीत बोलला का नाहीस. एवढं सगळं ऐकून घेतलंस, एक वाक्य पुरलं असतं.

"तुझी मुलगी आहे," राल्फ म्हणाला. "ते तू सांगायचं होतंस. मी तुला तसं म्हणालोही."

त्याने चहा विचारला नाही. आजवर त्या घरात मी चहाशिवाय बसलेलो नाही. नोराने मला दारापर्यंत पोचवलं आणि सांगितलं की विधेयक मंजूर झालं ते तिने रेडिओवर ऐकलं. पुन्हा तपासणीला हजर राहायचं पत्र येईल, आपण खरंच चालू शकत नाही हे तिला कुणा अनोळखी माणसाला दाखवावं लागेल. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला परतताना सोपं गेलं असतं.

परवा, शुक्रवारी, मी तातडीची बैठक बोलावली. जिलला आधी फोनवर सांगितलं. म्हणाली की ती हे वर्तमानपत्रांना देणार नाही, तुझ्यामाझ्यासाठी नव्हे, ऑड्रीसाठी. तुझ्या आईसाठी. शेवटी म्हणाली, "पुढचे काही दिवस मला फोन करू नकोस, नॉर्मन." पस्तीस वर्षांत तिने मला असं कधी म्हटलं नव्हतं.

बैठकीत मी उभा राहिलो. 'माझ्याकडून नावं बाहेर गेली' एवढंच म्हणून बसता आलं असतं. घरातून निघताना तेवढंच म्हणायचं ठरवलं होतं. पण मॅव्हिस लगेच म्हणाली, "उगाच राल्फला पाठीशी घालू नकोस. तू कुणाला सांगणार?" सगळे मान डोलवायला लागले. माझं खोटं पचवायला ते सगळे तयार होते, खरं मात्र त्यांच्या गळी उतरत नव्हतं. तेव्हा मी तुझं नाव घेतलं.

तुला कळावं म्हणून इतिवृत्तातलं वाक्य जसंच्या तसं देतो. माझ्याच अक्षरातलं शेवटचं: "चिटणीस नॉर्मन टीसडेल यांनी सांगितले की नावे त्यांनी स्वतः आपली मुलगी फ्रॅन्सेस टीसडेल हिला सांगितली व तिने ती मुख्यालयास कळवली. राल्फ हेस्लॉप यांचा यात कोणताही दोष नाही. चिटणिसांनी राजीनामा दिला. तो स्वीकारण्यात आला."

दोन दिवस हे पत्र लिहितोय ते एवढं सांगण्यासाठी. तू आता गावात आलीस तर बेकरीपासून चर्चपर्यंत प्रत्येकाला हे ठाऊक असेल. मी तुझं नाव बाहेर सांगितलं, तुला न विचारता. तू जे केलंस त्याची भरपाई म्हणून केलं नाही. निदान तसं वाटत नाही. पण ते नाव तोंडातून निघताना तुझ्यावरचा राग त्यात अजिबात नव्हता असं म्हणालो तर तेही खोटं होईल.

मला कुणी दोन शब्द सुनावले नाहीत. लोक कोट चढवून गेले. मॅव्हिस तेवढी मागे थांबली. राल्फकडे जाऊन माफी मागते, म्हणाली. काल ती गेली होती. त्याने तिला आत घेतलं, चहाही दिला, पण किल्ल्या घेतल्या नाहीत. खाणकामगारांच्या जुलैच्या मेळाव्यात शाखेच्या बॅनरची उजवी काठी दरवर्षी त्याची असते, त्यालाही दुसरा कुणी बघा म्हणाला. आपल्याला आता घरीच बरं वाटतं, म्हणाला.

आईला आज सकाळी, हे पत्र मध्येच बाजूला ठेवून, सांगितलं. लोकांच्या तोंडून कळण्याआधी सांगायला हवं होतं. ती पुढच्या खोलीत बसली आहे. तिचं प्रेम मघाशी कळवलं ते सांगण्याच्या आधीचं. नंतर मी पुन्हा विचारलं, ते तसंच ठेवू का. ती म्हणाली, ठेव.

काल संध्याकाळी मॅव्हिसच्या हाती राल्फने तुझ्यासाठी निरोप दिलाय. फ्रॅनीला सांग, माझा तिच्यावर राग नाही. तो त्याचा आहे, म्हणून मी तो जसा आला तसा पोचवतो.

माझ्याकडून तसा निरोप अजून लिहवत नाही. लिहवेल तेव्हा मी खोटं लिहिणार नाही, एवढी खात्री बाळग.

तुझा,
बाबा